पुडी नाही आणणार

छाये, झाला गं! झाला आपला सप्ताह! आणि असला झकास झाला की कधी एकदा तुला सांगते असं झालंय मला. काल शाळा सुटल्यावर मी सवयीने तुझ्या तिसरीच्या दारात जाऊन उभीसुद्धा राहिले. पर्स खांद्याला, पहिलं वाक्य ओठांवर. आत नवीन बाई फळा पुसत होत्या. म्हणाल्या, "काही हवं होतं का, मेधाताई?" मी म्हटलं, "नाही, सहज." आणि तशीच घरी आले. मुलुंड येईपर्यंत मनातल्या मनात तुलाच सांगत होते. आज रविवार आहे, घरातली मंडळी बाहेर गेलीत, म्हणून बसले सांगायला. मधेच तोडू नकोस. तुला सवय आहे मधेच तोडायची.

पत्रक वरून आलं तो दिवस आठवतोय ना? "सर्व प्राथमिक शाळांनी व्यसनमुक्ती जनजागृती सप्ताह साजरा करावा." मोठ्या बाईंनी ते टीचर्स रूममध्ये मोठ्याने वाचलं आणि "साजरा" या शब्दाला तू फिस्सकन हसलीस. "साजरा म्हणजे बाई? केक आणायचा का?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. बावीस-तेवीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या माणसाला असं विचारायची हिंमत आपल्या शाळेत फक्त तुझ्यात होती, आणि त्यांना ते मनातून आवडायचं, हे तुलाही माहीत होतं. त्यांचा बेत ठरलेला होता: प्रभातफेरी, घोषणा, शपथ, कवटी आणि हाडांची चित्रं, फोटो, अहवाल. संपला सप्ताह.

तेव्हा तू जे बोललीस ते मी अजून विसरलेले नाही. "बाई, माझी पोरं घसा फुटेपर्यंत घोषणा देतील. आणि घरी गेल्यावर पप्पा म्हणेल, जा रे, कोपऱ्यावरून माझी पुडी घेऊन ये. की ती पोरं जातील, त्याच गणवेशात. मग आपण काय शिकवलं?"

सगळ्यांनीच बघितलं होतं. आपल्या टेकडीवर शाळेकडे चढताना दुकानापाशी आपलीच पोरं उभी असतात, मुठीत नाणी घट्ट धरून. "काका, ते द्या." दुकानदाराला कळतं 'ते' म्हणजे काय. बंदी असलेला गुटखासुद्धा 'ते' म्हटलं की मिळतो. आपण बघायचो, मान वळवायचो, आणि वर्गात जाऊन पाढे घ्यायचो.

तू म्हणालीस, पहिली ते चौथीच्या पोरांना गांजा, चरस, कवटी, हाडं यांतलं काही सांगायचं नाही. घाबरलेलं पोर काही शिकत नाही. त्यांना एकच वाक्य शिकवायचं, आणि ते तोंडात असं बसवायचं की झोपेतही निघालं पाहिजे. आज बापाला जे म्हणता येईल, ते उद्या मोठ्या शाळेत कोणी काही पुढे केलं तर त्यालाही म्हणता येईल. आणि तिथेच, चहाचा कप हातात धरून, तू ते वाक्य तयार केलंस: "पाणी आणीन, पेपर आणीन, पुडी नाही आणणार."

मोठ्या बाई म्हणाल्या, "बघू."

आणि मी म्हटलं, "नाही."

किती भांडलो गं आपण त्यावरून! जिन्यात, मैदानात, रिक्षाची वाट बघताना. माझं म्हणणं एवढंच होतं की आठ वर्षांच्या पोराने घरी बापाला 'नाही' म्हटलं की त्याच्या कानाखाली बसणार. "तुझा तो ओम घरी जाऊन हे बोलला तर काय होईल, माहितीय ना तुला? टाळ्या आपल्याला आणि मार पोरांना?"

"मग काय, आणू दे? जन्मभर आणू दे?"

"आधी आई-बापांना बोलाव. त्यांना तयार कर. मग पोरांना शिकव."

"बाप येत नाहीत गं! पालकसभेला कोण येतं? आया येतात. पुडी मागवतो बाप. तो साकीनाक्याला मशीनवर उभा असतो. त्याला तू शाळेच्या बाकावर बसवून दाखव, मी तुझी पालखी काढते."

"बाप आल्याशिवाय मी माझ्या चौथीला हे वाक्य शिकवणार नाही."

"आणि मी बाप येईपर्यंत थांबणार नाही."

दोघीही आपापल्या जागी खऱ्या होतो, हाच तर सगळा वैताग होता.

तुझ्या हट्टामागे काय होतं ते मला त्याच्या आधीच कळलं होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. अंधेरीला प्रशिक्षण होतं, ते लवकर सुटलं आणि तू मला ओढत जुहूला नेलंस. भर उन्हात आपण भेळ खात बसलो होतो. समोर एक बाई आपल्या मुलाला लाटांपासून मागे खेचत होती. आणि तू एकदम बाबांबद्दल बोलायला लागलीस. जालन्याकडून मुंबईत आलेले, घरांना रंग द्यायचं काम करणारे बाबा. "त्यांची तंबाखू मीच आणायचे गं. भावाच्या आधी पळायचे. बाबा सगळ्यांना सांगायचे, माझी छायाच बरोबर आणते. मला एवढं भारी वाटायचं!" मग त्यांच्या तोंडात जखम झाली. मग कॅन्सर. शेवटी घासही जात नव्हता, पातळ पेज नळीने द्यावी लागायची. "मला कोणी कधी काही बोललं नाही. मीही स्वतःला काही बोलत नाही. पण आणून मीच द्यायचे ना?" आणि मग लगेच भेळवाल्याला, "भैया, शेव डालो ना और, क्या कंजूसी करता है!"

मला म्हणायचं होतं, छाये, तू आठ वर्षांची होतीस. मुलं बापासाठी पळतातच. तू तंबाखू नेत नव्हतीस, तू बाबांचं हसू आणायला जात होतीस. पण तू शेव मागत होतीस आणि हसत होतीस, आणि मला वाटलं, पुढे कधीतरी सांगू.

शेवटच्या शनिवारी आपण जिन्याखाली बसून ते भलंमोठं तोंड बनवत होतो. फ्रिजचा खोका कापून केलेलं, माणूस आत शिरेल एवढं. तू ओठांना लाल रंग लावत होतीस, मी जीभ चिकटवत होते, आणि आपण पुन्हा त्याच मुद्द्यावर आलो. तू म्हणालीस, मी भित्री आहे. मी म्हटलं, तू आततायी आहेस. मग त्या खोक्याची जीभ निसटून तुझ्या डोक्यावर पडली आणि आपण इतक्या हसलो की शिपाईमामा बघायला आले. रिक्षात बसताना तू डोकं बाहेर काढून ओरडलीस, "ए मुलुंड! डोकं लाव जरा!"

रविवारी सकाळी तुझ्या प्रदीपचा फोन आला. तुझ्या डोक्यातली नस फुटली म्हणाला. त्याच्यापुढचं मला नीट आठवत नाही, आणि तुला ते सांगण्यात काही अर्थही नाही. एवढंच बरं वाटतं की आपण हसत निरोप घेतला होता.

आता पुढचं ऐक. इथून पुढे तुला माहीत नाही.

मोठ्या बाईंनी सप्ताह पुढे ढकलायचं ठरवलं. चुकीचं नव्हतं ते. त्यांचेच डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "मेधा, हा छायाचा सप्ताह होता. कुणाच्यात जीव आहे आता?" मी मान डोलावली. माझ्यातही नव्हता. मग मला तुझ्या वर्गावर पाठवलं. पोरं पुतळ्यांसारखी बसलेली. मी हजेरी घेतली, कोणी "हजर" म्हणेना, नुसते हात वर. शेवटी तुझी आर्या, ती दोन शेंड्यांची, घारी, ती उठली आणि म्हणाली, "बाई, तोंड कधी रंगवायचं? छायाबाईंनी सांगितलंय, दात आम्ही रंगवायचे." आणि सगळा वर्ग एकदम, "हो बाई! आम्हीच रंगवायचे!"

मी म्हटलं, मोठ्या बाईंना विचारून सांगते. त्या म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, रंगवू दे. मग पोरं जिन्याखाली जमली. छाये, असले दात तू जन्मात बघितले नसशील! ओमने एक सोन्याचा दात केला. एकाने दाढेत किडा काढला आणि किड्याला मिशा. दोघी-तिघी लालच ब्रश दातांना लावायला निघाल्या, त्यांना बाकीच्यांनी ओरडून थांबवलं. आणि मी तिथे फतकल मारून बसले होते, हात पांढरे झालेले, आणि किती दिवसांनी हसत होते. मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. त्या चप्पल काढून खाली बसल्या आणि एक दात रंगवला. उठताना म्हणाल्या, "ठरल्या तारखेलाच करू."

तुझ्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळ्या घरी आलो होतो. वंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा मी प्रदीपला सांगितलं की सप्ताहाच्या आदल्या रविवारी शाळेत शोकसभा ठेवलीय. प्रदीप म्हणाला, "मेधा, छायाला शोकसभा म्हणजे झोप यायची. लोक येतील ना? मग तुमचं ते पालकांचं करून टाका की त्यातच. मला सगळं माहितीये. रोज रात्री जेवताना मला तुमचं भांडण दोन्ही बाजूंनी ऐकावं लागायचं."

दोन्ही बाजूंनी! म्हणजे तू घरी जाऊन माझी बाजूही मांडायचीस? मला नाही सांगितलंस ते!

आणि रविवारी, छाये, बाप आले.

सगळे आले गं. वर्कशॉपवाले, रिक्षावाले, सेल्समन, सोसायटीतले वॉचमन. धुतलेले शर्ट घालून, केस ओले करून बसवलेले. बाकांवर मावेनात, खिडक्यांपाशी उभे राहिले. तुझा फोटो समोर होता, हार घातलेला, आणि मी तुझ्याकडे बघून मनात म्हटलं, बघ, म्हणत होतीस ना येत नाहीत? तूच आणलेस. आता काढ पालखी.

मोठ्या बाई दोन मिनिटं बोलल्या, प्रदीप एक मिनिट. मग मी उभी राहिले. मी म्हटलं, "छायाबाईंना भाषणं आवडायची नाहीत, म्हणून आपण एक खेळ खेळू. पोरं पप्पा होतील, आणि पप्पा पोरं."

ओम खुर्चीवर बसला. काय बसला! एक पाय दुसऱ्यावर टाकून, हातातली फूटपट्टी मोबाईलसारखी धरून, तिच्याकडेच बघत. समोर त्याचा बाप उभा, हात मागे बांधून. "ए," ओमने वर न बघता म्हटलं, "जा, माझी पुडी आण. आणि सुट्टे परत आण, चॉकलेट नको आणूस." सगळं सभागृह फुटलं. बाप काही बोलेचना. लोक ओरडायला लागले, "बोल ना रे, बोल!" तो बिचारा लाल झाला, हाताने खूण केली आणि धावत बाहेर गेला. तोंडात भरलेली होती, छाये! थुंकून आला, तोंड पुसलं, पुन्हा उभा राहिला. आता कोणी हसत नव्हतं. म्हणाला, "पप्पा, मी अभ्यास करतोय." ओम म्हणाला, "नंतर कर अभ्यास. आधी जा." आणि छाये, त्या पोराने अगदी बापाचाच आवाज काढला. तसाच, कंटाळलेला, सहज. बाप त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही आणणार." आणि खुर्चीतल्या ओमला उचलून कडेवर घेतलं, एवढा मोठा झालाय तो, तरी.

मग मी सगळ्यांना तुझं वाक्य सांगितलं. म्हटलं, उद्यापासून आम्ही पोरांना हे शिकवणार आहोत. तुम्ही सोडा न सोडा, तो तुमचा प्रश्न. पण पोराने हे म्हटलं तर हात उचलायचा नाही, एवढं छायाबाईंच्या फोटोसमोर कबूल करा. हात वर झाले. सगळे नाही झाले. मागे दोघे भिंतीला टेकून तसेच उभे होते. पण इतके झाले की मी तुझ्या फोटोकडेच बघत राहिले आणि पुढचं मोठ्या बाईंनीच सांभाळलं.

सोमवारपासून शाळेत नुसता कल्ला! तोंड मैदानात उभं केलं. पोरांना कागदाचे चेंडू दिले, कुठल्यावर सफरचंद काढलेलं, कुठल्यावर पाणी, कुठल्यावर पुडी. जे चालेल ते आत टाकायचं, जे नाही ते बाहेर. पुडीचा चेंडू पोरं इतक्या जोरात लांब फेकत होती की दोन चेंडू कुंपणाबाहेर गेले आणि एक खालच्या टपरीच्या पत्र्यावर. पहिलीतल्या एका पोराने पुडीचा चेंडू पायाखाली घेऊन नाचून दाखवलं. मोठ्या बाई हसून हसून खुर्चीत बसल्या.

माझ्या चौथीने मला मात्र गार केलं. मी त्यांना सांगत होते की कोणी मोठ्या मुलाने काही हुंगायला दिलं, कसली गोळी दिली, तर घ्यायची नाही. तर मागच्या बाकावरून एक जण शांतपणे म्हणतो, "बाई, ते पेनासारखं पण असतं. ओढायचं. आंब्याचा वास येतो." मी म्हटलं, "तुला कुणी दिलं?" म्हणाला, "दिलं नाही, दाखवलं. दादाच्या मित्राने." मी त्याला रागावले नाही. तू असतीस तर काय केलं असतंस तेच केलं. त्याला पुढे बोलावलं, म्हटलं, तू दादाचा मित्र हो, आणि हे सगळे तुला नाही म्हणतील. आणि त्यांनी काय काय शोधून काढलं! एक म्हणाली, "मला ॲलर्जी आहे." एक म्हणाला, "आधी तुझ्या आईला विचारतो." एकाने नुसती पाठ फिरवली आणि पळत सुटला, वर्गाच्या बाहेर, जिन्यावरून खाली, त्याला आणायला माणूस पाठवावा लागला. मला ते सगळ्यात आवडलं. त्या दादाच्या मित्राच्या घरी मी संध्याकाळी जाऊन आले, ते वेगळं. त्याची आई आता लक्ष ठेवून आहे.

आणि हो, एक सॉरी म्हणायचंय. तुझ्या वाक्याची घोषणा झाली. मी नाही केली! पोरांनीच टाळ्यांवर बसवली. "पाणी आणीन! पेपर आणीन! पुडी नाही आणणार!" सुट्टीत, रांगेत, टेकडी उतरताना. तू घोषणांना नावं ठेवायचीस, आता भोग.

गुरुवारी मात्र माझी वाट लागली.

सकाळी आर्या आली तीच मान खाली घालून. गालावर वळ नव्हता, पण डोळे सांगत होते. मी जवळ घेतलं. तेवढ्यात फाटकापाशी आरडाओरडा. आर्याची आजी. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर फारशी पडत नाही, रविवारीही आली नव्हती. ती टेकडी चढून आली होती, भिंतीला धरून धरून, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, आणि श्वास लागला होता तरी आवाज सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा.

"कोन हाय ती बाई? माझ्या नातीला आजीला न्हाई म्हनाया शिकीवती ती?"

बाप, बाप, बाप करत राहिलो गं आपण दोघी! आजीचं नाव दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आजीची मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायचं. ती तंबाखू रोज आर्या आणायची. बुधवारी आजीने पैसे दिले आणि आर्याने हात मागे घेऊन म्हटलं, "आजी, पाणी आणीन, पेपर आणीन, पुडी नाही आणणार." आजीने एक ठेवून दिली.

खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा तूच आलीस. बघ, हेच म्हणत होते मी. हेच. आणि लगेच दुसरं आलं: ये ना गं, तूच बोल हिच्याशी, मला नाही जमत.

मी त्यांना वर्गात बसवलं, पाणी दिलं. आर्या दारात उभी. मी म्हटलं, "आजी, पोरीला का मारलंत?"

"मारीन न्हाय तर काय! साठ वर्सं घासती म्या. माझ्या सासूनं शिकीवलं. मला काय झालं? आन् ही येवढीशी पोर मला न्हाई म्हनती? माझं गुडघं चालत न्हाईत, न्हाय तर हिला कशापायी धाडली आसती? ते शिकीवनारी बाई कुठं हाय? बोलवा तिला."

मी म्हटलं, "ती बाई गेली, आजी. पंधरा दिवस झाले."

आजी थांबल्या. "ती? छायाबाई? आमच्या पोरीची?" त्यांना माहीत होतं बाई गेल्याचं, पण ते वाक्य तुझं होतं हे माहीत नव्हतं. पदर डोक्यावर सारखा केला. "लई जीव लावायच्या पोरीस्नी," म्हणाल्या.

आणि मग छाये, मी तुला न विचारता तुझी गोष्ट सांगितली. जुहूची. दुसरं काही सुचलंच नाही मला. म्हटलं, आजी, छायाबाई आर्याएवढ्या होत्या तेव्हा वडिलांची तंबाखू त्याच आणायच्या. भावाच्या आधी पळायच्या. मग वडील कॅन्सरने गेले. त्यांना कोणी काही बोललं नाही. पण त्या मोठ्या झाल्या, बाई झाल्या, आई झाल्या, तरी मला म्हणायच्या, आणून मीच द्यायचे ना?

वर्गाबाहेर पोरं तुझी घोषणा देत होती. आजी दारातल्या आर्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, आवाज एकदम खाली आलेला, "ही आसं म्हनंल व्हय? माझ्या मागं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आजी. म्हणेलही."

त्यांनी आर्याला हाताने जवळ बोलावलं. गालावर हात ठेवला. "लागलं का गं?"

"थोडंसं," आर्या म्हणाली.

आजींनी तिच्या शेंडीची सुटलेली रिबीन बांधली, नीट, फूल काढून. आणि मला म्हणाल्या, "बाई, माझं न्हाई सुटायचं. खोटं कशाला बोलू. पन हिला न्हाई धाडायची."

मला माहीत आहे तू काय म्हणशील. अर्धंच जिंकलं. ती म्हातारी घासतेच आहे अजून. हो, घासतेच आहे. आणि ओमच्या बापाने सोडली का? नाही सोडली. पण स्वतः जातो आणायला, आणि ओमने सांगितलं, आता घरात थुंकत नाही. मागे भिंतीला टेकून उभे होते त्यातल्या एकाने पोराला बदडलं, त्याच्या घरी मोठ्या बाई स्वतः जाऊन आल्या आणि पुन्हा जाणार आहेत. म्हणजे मी भीत होते तेही खरं ठरलं. आणि तू म्हणत होतीस, थांबलो तर कधीच होणार नाही, तेही खरं ठरलं. आपलं भांडण अजून उरलंच आहे बघ. मला आता ते एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावं लागणार, प्रदीपसमोर तू भांडायचीस तसं. पण छाये, त्या दुकानापाशी आपल्या गणवेशातली पोरं दिसेनाशी झालीत! परवा मी मुद्दाम थांबून बघितलं. दुकानदार माझ्यावर असा चिडलाय की विचारू नकोस. झकास वाटतंय मला.

तुझा खूप राग येतो कधीकधी. एवढं सगळं सुरू करून अशी कशी गेलीस. आणि मग शाळेत पाऊल टाकलं की कुठल्यातरी वर्गातून तुझं वाक्य ऐकू येतं आणि राग टिकत नाही. तीस वर्षं शिकवून आपलं एक वाक्य पोरांच्या तोंडात राहिलं, असं कितीजणींना म्हणता येईल? मला तुझ्यासोबत नोकरी करायला मिळाली याचं मला केवढं अप्रूप आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपण दोघी असलं काही बोलायचो का? "चल, चल, नाटकं नकोत," म्हणाली असतीस.

काल सप्ताह संपला. मी टेकडी उतरत होते, तर पुढे आर्याची आजी खाली निघालेली. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात आर्याचा हात. दुकान आलं तशी आर्या थांबली, रस्त्याच्या पलीकडेच, हात सोडून. आजी एकट्या गेल्या, एकट्या आल्या. कमरेला काहीतरी खोचत. मला बघून त्या लाजल्या नाहीत.

"तुमच्यापायी माझं गुडघं मोडलं, बाई," म्हणाल्या. मी हसले. त्याही हसल्या, काळ्या दातांनी. मग पुढे आल्या आणि माझं मनगट धरलं.

"त्या बाईस्नी सांगा."

"कुठल्या बाईंना, आजी?"

"त्या गेलेल्या. सांगा, पोरगी न्हाई आनत. माझं म्या आनती."

सांगितलं गं, छाये.